दूरचित्रवाणीवरील शेती व बागकामविषयक कार्यक्रम आणि प्रेक्षकांची मतभिन्नता : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

भारतात दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचण्यापूर्वीच ती शेतकऱ्यापर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला होता. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्ली केंद्रावरून ‘कृषिदर्शन’ सुरू झाले, तेव्हा त्याचा प्रेक्षक दिल्ली परिसरातील ८० खेड्यांत बसवलेल्या सामुदायिक संचांपुढे जमत असे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि मराठी प्रेक्षकाला ‘आमची माती आमची माणसं’ हा कार्यक्रम मिळाला. निर्माते शिवाजी फुलसुंदर यांचे नाव या कार्यक्रमाशी कायमचे जोडले गेले. राजा मयेकर यांच्यासारखे लोककलेतून आलेले नट ज्यात होते, त्या ‘गप्पागोष्टीं’मुळे शेतीचा रुक्ष सल्लाही घरगुती बोलण्यासारखा वाटू लागला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झालेल्या उपग्रह शैक्षणिक दूरचित्रवाणी प्रयोगातील सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मात्र सोलापूरच्या सीमेला लागून असलेला विजापूर जिल्हा होता. भीमेच्या पलीकडची काही गावे उपग्रहावरून कन्नडमध्ये शेतीचे कार्यक्रम पाहत होती आणि अलीकडची पाहत नव्हती, ही नोंद या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये.

अशा कार्यक्रमांविषयी प्रेक्षकांची मते एकसारखी कधीच नव्हती. कोणी त्यांना शेतकऱ्याची शाळा म्हणतो, कोणाला ते सरकारी योजनांचे गुणगान वाटते, तर कोणी ते केवळ हिरवे दृश्य डोळ्यांना बरे वाटते म्हणून पाहतो. या मतभिन्नतेची कारणे सोलापूर जिल्ह्याच्या परिस्थितीत कोठे सापडतात, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

माती आणि हंगाम

मतभिन्नतेला बहुधा ‘आवडनिवड’ मानले जाते किंवा शिक्षणाच्या अभावाशी जोडले जाते. सोलापूरपुरते बोलायचे तर पहिले कारण याहून साधे आहे. संपूर्ण राज्यासाठी प्रक्षेपित होणारा कार्यक्रम जून-जुलैत स्वाभाविकपणे खरिपाबद्दल बोलतो. कोकणातील भातलावणी, विदर्भातील कापूस, सोयाबीन हे त्याचे विषय असतात. सोलापूर हा पर्जन्यछायेतील, वर्षाला सरासरी सुमारे साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा जिल्हा असून येथील परंपरागत मुख्य पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, रब्बी ज्वारीची होते. जुलैमध्ये चिखलणीची दृश्ये पाहणाऱ्या मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने कार्यक्रम आपला नव्हे असे म्हटले, तर त्याला नव्या ज्ञानाची नावड आहे असे ठरवता येत नाही. त्याच्या शिवाराचे वेळापत्रकच वेगळे असते.

जिल्ह्याच्या आतही एकवाक्यता संभवत नाही. उजनी धरणाच्या पाण्यावर माढा, पंढरपूर भागात ऊस उभा राहिला. सांगोल्याच्या हलक्या माळरानावर डाळिंब आले. मंगळवेढ्याची खोल काळी जमीन ज्वारीसाठी ओळखली जाते. ठिबक सिंचनावरील एकच भाग या तिघांना तीन प्रकारे दिसतो. एकाला तो पाणी वाचवण्याचा उपदेश वाटतो, दुसऱ्याला बागेच्या अस्तित्वाचा प्रश्न वाटतो, तर कोरडवाहू ज्वारीवाल्याला तो परगावची वार्ता वाटतो. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांत याला भाषेची आणखी एक छटा मिळते. घरी कन्नड बोलणाऱ्या कुटुंबाला ‘चंदना’ वाहिनीवरील निवेदन अधिक जवळचे वाटू शकते आणि प्रमाण मराठीतील पारिभाषिक शब्द परके वाटू शकतात.

यशोगाथेचा प्रश्न

या कार्यक्रमांवरील सर्वांत तीव्र मतभेद ‘यशोगाथा’ या प्रकाराबाबत आढळतात आणि ते तसे असणे योग्यच आहे, कारण येथे प्रेक्षकाचा पैसा पणाला लागतो.

डाळिंबाचे उदाहरण बोलके आहे. ‘भगवा’ वाणाच्या लालबुंद फळांनी या पिकाला निर्यातीची बाजारपेठ मिळवून दिली; २००५ मध्ये सोलापूरजवळ केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले; २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. अशा पिकाची बाग कॅमेऱ्यापुढे अतिशय देखणी दिसते. पण चित्रण बहुधा तोडणीच्या सुमारास होते. ‘तेल्या’ रोगाने, म्हणजे जिवाणूजन्य करप्याने, डागाळलेली आणि तडकलेली फळे पुरून टाकण्याचा दिवस त्यात सहसा नसतो. हा रोग दमट, पावसाळी हवेत फोफावतो. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, छाटणीच्या कात्रीतून आणि रोगट मातृवृक्षावरून बांधलेल्या गुटी कलमांतून पसरतो. म्हणून मृग बहराऐवजी हस्त बहर धरणे, बागेला विश्रांती देणे, कात्री निर्जंतुक करणे, रोगमुक्त रोपे घेणे या गोष्टींना महत्त्व येते. वीस-पंचवीस मिनिटांच्या भागात उत्पन्नाचा आकडा लक्षात राहतो आणि कात्री निर्जंतुक करण्याचे वाक्य निसटून जाते.

जमिनीचा मुद्दाही असाच आहे. डाळिंबाला निचरा होणारी हलकी ते मध्यम जमीन मानवते. ओलावा धरून ठेवण्याचा जो गुण काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी पिकवतो, तोच डाळिंबाच्या मुळांना घातक ठरतो आणि मर रोगाला वाट करून देतो. यशोगाथा पाहून खोल काळ्या रानात डाळिंब लावणारा शेतकरी आणि ती पाहून मान हलवून ज्वारीच पेरणारा शेतकरी, या दोघांत पुरोगामी कोण? एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली मांडलेल्या नवप्रसरणाच्या सिद्धांतात सर्वांत उशिरा स्वीकार करणाऱ्या गटाला ‘मागे रेंगाळणारे’ असे नाव दिले आहे. आपल्याकडील कृषिविस्ताराच्या अभ्यासक्रमात ते नाव फारशी शंका न घेता शिकवले जाते. नवीन गोष्ट चांगलीच असते हे गृहीतक त्यात आधीच बसलेले आहे. नकार देणाऱ्याजवळ स्वतःच्या जमिनीची कार्यक्रमकर्त्यापेक्षा अधिक माहिती असू शकते, ही शक्यता या वर्गवारीत मावत नाही.

येथे स्टुअर्ट हॉल यांची १९७३ मधील मांडणी अधिक उपयोगी पडते. प्रेषकाने संदेशात घातलेला अर्थ प्रेक्षक जसाच्या तसा घेतो, काही अंशी घेऊन आपल्या परिस्थितीनुसार वळवतो किंवा विरोधी दृष्टीने त्याचे वाचन करतो, असे हॉल सांगतात. सांगोल्याचा बागायतदार सल्ला घेतो, पण फवारणीचे वेळापत्रक अनुभवानुसार बदलतो. हे दुसऱ्या प्रकारचे वाचन झाले. मंगळवेढ्याचा नकार तिसऱ्या प्रकारात बसवता येईल, परंतु पूर्णपणे नाही. हॉल यांचा विरोधी वाचक विचारप्रणालीच्या पातळीवर झगडतो. येथील प्रेक्षकाचा आक्षेप मातीच्या पातळीवरचा आहे.

गच्चीवरील प्रेक्षक

शहरी प्रेक्षकाची तक्रार निराळी आहे. सोलापूर शहरात परसबाग आता बहुतांशी कुंड्यांत आणि गच्चीवर आली आहे. बागकामाच्या कार्यक्रमांत दाखवली जाणारी फुलझाडे पुणे-मुंबईच्या हवेला साजेशी असतात. एप्रिल-मे महिन्यांत ४० अंशांच्या वर जाणाऱ्या तापमानात, सिमेंटच्या गच्चीवर ती तग धरत नाहीत. अनेक वर्षे काही दिवसांआड नळाला पाणी येण्याची सवय झालेल्या शहराला ‘रोज सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे’ हे वाक्य कसे ऐकू येत असेल, हे वेगळे सांगायला नको. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने कुंडीतल्या मातीवर पांढरा थर का साचतो, याचे उत्तर या प्रेक्षकाला हवे असते. गृहिणींच्या बाबतीत प्रक्षेपणाची वेळही विचारात घ्यावी लागते. सायंकाळ ही खेड्यात धारांची आणि सर्वत्र स्वयंपाकाची वेळ. अनेक स्त्रियांनी हे कार्यक्रम पाहिले त्यापेक्षा ऐकलेच अधिक असणार. कलम बांधण्याची कृती ऐकून समजत नाही.

ही मतभिन्नता केवळ आपल्याकडची नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या १९६८ पासून चालू असलेल्या ‘गार्डनर्स वर्ल्ड’चे लोकप्रिय निवेदक पर्सी थ्रोअर यांनी रासायनिक उत्पादनांच्या कंपनीशी जाहिरातीचा करार केल्यावर १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यांना कार्यक्रम सोडावा लागला. सल्ला देणारा विक्रेताही असावा काय, हा प्रश्न तेथे उघडपणे विचारला गेला. पुढे २००९ मध्ये कार्यक्रमाची मांडणी बदलली तेव्हा जुन्या प्रेक्षकांनी नाराजी व्यक्त केली आणि २०११ मध्ये आधीचे निवेदक माँटी डॉन परतले.

२६ मे २०१५ रोजी ‘डीडी किसान’ ही स्वतंत्र वाहिनी सुरू झाली. तत्पूर्वी, २००५ पासून, ‘अ‍ॅग्रोवन’ हे शेतीला वाहिलेले मराठी दैनिक निघू लागले होते. आता भ्रमणध्वनीवर तालुक्यातल्याच शेतकऱ्याने केलेली चित्रफीत पाहता येते. त्यामुळे हंगामाची तक्रार काहीशी कमी झाली. मात्र औषध विकणारा आणि सल्ला देणारा एकच असण्याची शक्यता वाढली. कार्यक्रमांतील थेट दूरध्वनीचा भाग प्रश्न विचारण्यासाठी असतो. मागील वर्षीचा सल्ला आपल्या रानात फसला, हे सांगण्याची जागा त्यात क्वचितच असते. सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालयांत समाजशास्त्र, भूगोल आणि वनस्पतिशास्त्र हे विभाग एकाच आवारात आहेत, आणि विद्यार्थी सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट येथूनच येतात. कार्यक्रमात काय सांगितले, घरच्यांनी त्यातले काय केले आणि काय टाळले, याची तालुका, जमिनीचा प्रकार आणि हंगाम यांनुसार दोन-तीन वर्षे ठेवलेली साधी नोंदवही हे काम प्रकल्प म्हणून हाती घेण्यासारखे आहे. त्यातील ‘टाळले’ हा रकाना आधी भरावा.