विश्लेषण : शेजारी खोल खड्डा, मग इमारतीला तडे का?

मऊ मातीत तळघरासाठी किंवा मेट्रो स्थानकासाठी खोल खड्डा घेतला, की बाजूची माती आत सरकू पाहते. ती सरकली, की शेजारची जमीन खचते आणि इमारतींना तडे जातात. म्हणून खोदाईआधीच जमिनीत काँक्रीटची भिंत उतरवतात. पण ही भिंत एकटी तग धरत नाही. खोदाई खाली जाईल तसे समोरासमोरच्या भिंतींमध्ये आडवे पोलादी टेकू द्यावे लागतात.

सिंगापूरमध्ये काय घडले?

२० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेलगतची मेट्रोची सुमारे ३० मीटर खोल खोदाई कोसळली. चौघांचा मृत्यू झाला, रस्ताही खचला. चौकशीत दिसले, की सागरी चिकणमातीची ताकद आरेखनात जास्त धरली होती. टेकू आणि भिंतीलगतच्या तुळईचा जोडही कमकुवत होता. नवव्या स्तरावरचे जोड निकामी झाले आणि भार इतर टेकूंना पेलवला नाही. भिंत वाकत असल्याचे मोजमाप आधीच सांगत होते. मर्यादा ओलांडली गेल्यावर काम थांबण्याऐवजी मर्यादाच वाढवली गेली!

रहिवाशांनी काय करावे?

काम सुरू होण्याआधी इमारतीची संयुक्त पाहणी मागावी, जुन्या तड्यांचे तारखेसह फोटो ठेवावेत. तडा जुना की नवा, हा वाद नंतर हमखास निघतो.