‘स्मायलर’ पुन्हा केव्हा धावला?

इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स पार्कात २ जून २०१५ रोजी ‘स्मायलर’ रोलरकोस्टरची १६ जणांची गाडी रुळावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना पाय गमवावा लागला. खरं तर संगणकाने धोका ओळखून भरलेली गाडी रोखली होती. पुढे गाडी नाहीच, असं समजून कर्मचाऱ्यांनी तो थांबा रद्द केला. पार्क ८ जूनला उघडलं, स्मायलर मात्र १९ मार्च २०१६ला. रूळ, डबे, नियंत्रणयंत्रणा यांत तपासाला दोष सापडला नाही, म्हणजे नुसते नटबोल्ट आवळून भागणार नव्हतं. थांबा रद्द करायला वरिष्ठ अधिकाऱ्याची मंजुरी सक्तीची झाली. (ती आधीच का नव्हती?) कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला तो सप्टेंबर २०१६मध्ये, तोवर स्मायलर सुरू होऊन सहा महिने झाले होते.