सुवर्णनिक्षेपांतील गंधकाचे मूळ

प्रास्ताविक

सोने सहजासहजी कशाशी संयोग पावत नाही, हे आपणास ठाऊक आहे. तरीही सोन्याच्या खाणीत पायराइट, आर्सेनोपायराइट ही गंधकयुक्त खनिजे त्याच्या सोबतीला वारंवार आढळतात. ही सोबत योगायोगाची नाही.

गंधकाचे कार्य

भूगर्भातील उष्ण पाण्यात हायड्रोजन सल्फाइडच्या रूपाने गंधक असेल, तर सोन्याचे विद्राव्य संयुग बनते व ते भेगांतून वाहत जाते. वाटेत लोहयुक्त खडक लागला की गंधक लोहाशी संयोग पावून पायराइट तयार होते आणि वाहक गमावलेले सोने तेथेच साचते.

संभाव्य उगम

(अ) शिलारस : थंड होताना त्यातून गंधकयुक्त द्रव व वायू बाहेर पडतात.

(आ) गाळाचे खडक : सागरतळी साचलेल्या काळ्या शेलमध्ये पायराइट असते. असा खडक खोल गाडला जाऊन सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला, की पायराइटचे पिरोटाइट होते व उरलेले गंधक मुक्त होते.

समस्थानिकांचा पुरावा

गंधक-३४ व गंधक-३२ यांचे प्रमाण उल्कांतील प्रमाणाशी जुळले, तर गंधक शिलारसातील मानले जाई. परंतु आर्कियन काळातील सागरात सल्फेट अत्यल्प असल्याने तेथील गाळातही बहुधा तसेच प्रमाण आढळते. त्यामुळे ही कसोटी अपुरी ठरते.

इ. स. २००० मध्ये फार्कर, बाओ व थीमेन्स यांनी अतिप्राचीन खडकांतील गंधक-३३ची विसंगती दाखवून दिली. ओझोन नसलेल्या वातावरणात अतिनील किरणांमुळे ती निर्माण होई. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन वाढल्यावर ती थांबली. खडक तापला तरी ही खूण पुसली जात नाही. दक्षिण आफ्रिकेतील बार्बर्टन पट्ट्याच्या सुवर्णखनिजांत ती सापडली. म्हणजे तेथील गंधक एकेकाळी हवेत होते व गाळातून खनिजात आले. उलट, पश्चिम ऑस्ट्रेलियातील यिलगार्न प्रदेशाच्या काही निक्षेपांत ती आढळली नाही. अभ्यासकांनी तेथे शिलारसाकडे बोट दाखविले.

समारोप

यावरून सर्व खाणींना एकच उत्तर लागू पडत नाही, हे लक्षात घ्यावे. निरनिराळ्या थरांतील गंधक मिसळल्यास खूण फिकी होते. म्हणून तिचा अभाव हा निर्णायक पुरावा नव्हे. तसेच गंधकाचा उगम कळला, तरी सोन्याचा उगम तोच असेल असे गृहीत धरता येत नाही.

आपली प्रगती तपासा

गंधक-३४च्या तुलनेत गंधक-३३ची कसोटी आर्कियन निक्षेपांसाठी अधिक उपयुक्त का ठरते?