निपचित पडला म्हणजे मेला असें नव्हे

आमची पुतणी अमेरिकेंत मिशिगन प्रांतांत राहते. तिच्या घरीं शुगर ग्लायडर नांवाचा एक चिमुकला प्राणी पाळलेला आहे. गेल्या जानेवारींत एका रात्रीं घर उबदार ठेवणारें यंत्र बंद पडलें, आणि सकाळीं पाहतात तों हा पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत निपचित पडलेला. अंग दगडासारखें गार. मुलांनीं आकांत मांडला. जांवईबापू त्याला पुरण्यासाठीं खोकें शोधूं लागले. पुतणीच्या सासूबाई तेवढ्या शांत होत्या. त्यांनीं त्याला हातांत घेऊन बराच वेळ निरखिलें. पोटाशीं अगदीं मंद श्वास चाललेला दिसला, तेव्हां त्याला शालीच्या आंत छातीशीं धरून त्या खुर्चींत बसून राहिल्या. पाऊण तासानें शालींत चुळबुळ सुरू झाली!

सासूबाईंनीं केलें तें शास्त्रदृष्ट्याहि योग्यच होतें. हा प्राणी दिसावयास उडत्या खारीसारखा, पण खारीच्या कुळांतला नव्हे. कांगारूप्रमाणें याची मादी पोटाच्या पिशवींत पिल्लूं वाढविते. मूळ वस्ती ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी येथील. अमेरिकेंतील पाळीव ग्लायडरांचे पूर्वज न्यू गिनीच्या पश्चिम टोकाकडून, म्हणजे विषुववृत्तालगतच्या उष्ण मुलखांतून आले, असें २०१९ सालच्या एका संशोधनांत आढळून आलें. त्यांतून वजन सवाशें ग्रॅमच्या आसपास. एवढासा देह ऊब चटकन् गमावतो. अरण्यांत तो झाडाच्या ढोलींत पानें अंथरून पांच-सात सोबत्यांना बिलगून निजतो. तेवढ्यानें भागलें नाहीं, किंवा अन्न तुटपुंजें झालें, तर शरीराचें तपमान उतरवून कांहीं तास गाढ गुंगींत जातो. या अवस्थेस ‘टॉर्पर’ म्हणतात. रानांतला ग्लायडर तींतून आपला आपण जागा होतो. पिंजऱ्यांतल्या एकट्या जिवास मात्र ना ढोली, ना सोबती. शिवाय ही गुंगी आहे कीं गारठ्यानें प्राण चालले आहेत, हें घरच्या माणसास नुसतें पाहून कळणें कठीण. म्हणून ऊब ताबडतोब द्यावी आणि पशुवैद्यास लगेच दाखवावें.

ऊब मात्र सावकाश द्यावी. अंगाशीं धरणें सर्वांत उत्तम; नाहीं तर गरम पाण्याची पिशवी जाड फडक्यांत गुंडाळून जवळ ठेवावी. ऊन पाण्यांत बुडवणें, केस वाळविण्याचें यंत्र अंगावर धरणें, असले प्रकार करूं नयेत. आणि पुरता शुद्धीवर येईपर्यंत तोंडांत थेंबभरहि मधाचें पाणी घालूं नये. तें फुप्फुसांत जाईल. हा मोह आपल्या बायकांना फार होतो.

मुळांत ही पाळी येऊंच न देणें बरें. खोली २४ ते २७ अंश सेंटिग्रेड असावी; पिंजरा खिडकीजवळ नको. तपमापक भिंतीवर न टांगतां जेथें तो निजतो तेथें लावावा. निजण्याची पिशवी जाड, मऊ कापडाची, पण सुटे धागे नसलेली शिवावी. धाग्यांत नखें अडकून पाय जायबंदी होतात. विजेवर तापणारा दगड आंत ठेवूं नये, पोट भाजतें. उजेड न देणारा चिनीमातीचा तापक मिळतो, तो पिंजऱ्याबाहेर एकाच बाजूस लावावा, म्हणजे उकडलें तर त्याला दुसरीकडे सरकतां येतें.

पुतणीनें मार्चमध्यें त्याला जोडीदारीण आणली. आतां दोघें एकाच पिशवींत अशीं निजतात कीं कोणाचें शेपूट कोणतें तें कळत नाहीं. सासूबाई पुण्यास परतल्या आहेत. संध्याकाळीं त्यांचा फोन जातो तेव्हां तिकडे सकाळ असते, आणि हीं निशाचर मंडळी नुकतींच निजलेलीं असतात. सासूबाईंचा पहिला प्रश्न तपमापकाविषयीं असतो; नातवंडांची चौकशी मागाहून.