एका अर्जाची गोष्ट

चौथीच्या वर्गाची हजेरी तपासताना एका मुलीच्या नावापुढे सलग अकरा दिवसांची गैरहजेरी दिसली, म्हणून मी रिवाजाप्रमाणे घरी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. नवरा वर्षापूर्वी वारलेला. तीन घरची धुणीभांडी करून ती महिन्याकाठी साडेसहा हजार रुपये मिळवते. घरी अडीच वर्षांचा मुलगा. त्याला सांभाळण्यासाठी थोरली शाळा सोडून घरी बसलेली. "सर, सासूबाई होत्या तोवर निभावलं. आता त्याला कुणाजवळ ठेवून जाऊ?" तिने विचारले. शिक्षणाचे महत्त्व सांगण्याच्या तयारीने मी बसलो होतो. तो उपदेश ओठांतच राहिला.

वाचकहो, आमच्या इंदुरात काय किंवा ग्वाल्हेर-बडोद्यात काय, मराठी घरे म्हटली म्हणजे वाडे, गणेशोत्सव आणि नाट्यमंडळे डोळ्यांसमोर येतात. त्याच वस्तीत अशी घरेही आहेत, आणि त्यांचा पहिला अडसर पैशाचा नसून संकोचाचा असतो. सरकारी मदतीचा विषय काढताच ती बाई म्हणाली, "आमच्यात आजवर कुणी हात पसरला नाही, सर." मी तिला म्हटले, "बाई, मुलांसाठी ठेवलेलेच मुलांसाठी मागायचे आहे. यात लाज कसली?"

प्रश्न दोन होते आणि त्यांची दारेही दोन. धाकट्यासाठी अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून ती आपल्या गल्लीपर्यंत आली. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि शाळा मुलांच्या अंगणात नेली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या अंगणात आपले मूल धाडायला मात्र कचरतो. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकांना तेथे पूरक आहार मिळतो. मात्र साधी अंगणवाडी काही तासच चालते, कामावरच्या आईचा दिवस त्यात मावत नाही. त्यासाठी 'पालना' योजनेखाली काही अंगणवाड्यांना पाळणाघर जोडलेले आहे. दिवसाला साडेसात तास आणि महिन्याला 26 दिवस ते चालावे, असा नियम आहे. ही सोय प्रत्येक वस्तीत नाही. अंगणवाडी कार्यकर्तीला विचारून जवळचे पाळणाघर शोधावे लागते. आमच्या सुदैवाने दीड मैलावर एक सापडले.

थोरलीसाठी दुसरे दार होते 'मिशन वात्सल्य'मधील प्रायोजनाचे. कार्यालयात त्याला 'स्पॉन्सरशिप' म्हणतात. विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्याने टाकलेल्या मातेची मुले, आईबाप गमावून नातलगांकडे वाढणारी मुले, आईवडील दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेली मुले, अशांना दरमहा 4,000 रुपये त्यातून मिळू शकतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न खेड्यात 72,000 आणि शहरात 96,000 रुपयांच्या आत असावे लागते. आमच्या बाईचे उत्पन्न होते 78,000. शाळकरी मुलाची हजेरी नियमित असणे ही महत्त्वाची अट आहे. म्हणजे ज्या मुलीला मदतीची गरज होती, तिची गैरहजेरीच आड येणार होती! म्हणून आधी धाकट्याची सोय लावली, मुलगी वर्गात परत आली, आणि मग अर्ज लिहायला घेतला.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आपण कार्यालयांवर ढकलून मोकळे होतो. या खेपेस खोळंबा आमच्याच घरचा होता. अर्ज परत आला, कारण कागदांवर आई एक नव्हती, दोन होत्या. लग्नात आपल्या रीतीप्रमाणे मुलीचे नाव बदलले गेले. आधार कार्डावर सासरचे नाव, मुलीच्या जन्मदाखल्यावर आणि बँकेच्या पुस्तकावर माहेरचे. हौसेने तांदळात लिहिलेले ते नाव आता पुराव्याच्या आड उभे राहिले.

दुसरी चूक माझी. शाळेच्या दाखिल-खारिज रजिस्टरात मी स्वहस्ते मुलीचे नाव मराठी वळणाने लिहिले होते: नाव, वडिलांचे नाव, आडनाव. आधारवर आणि समग्र आयडीवर मात्र इकडच्या पद्धतीने नुसते नाव आणि आडनाव. त्या वेळी मला आपली रीत राखल्याचे समाधान वाटले होते. तीन शब्दांच्या त्या नावापायी एका लेकराचे पैसे अडतील, हे कुठे ठाऊक होते?

मग दुरुस्तीची वारी सुरू झाली. दोन्ही नावांची स्त्री एकच, असे शपथपत्र. बँकेत नावाची दुरुस्ती. रजिस्टरातील बदलासाठी पुराव्यांसह माझा वरिष्ठांकडे अर्ज. यात चार महिने गेले. बाईचे चार दिवसांचे काम बुडाले आणि एका घरचे काम कायमचे सुटले. त्यानंतर जिल्हा बाल संरक्षण कार्यालयाची माणसे घर पाहून गेली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे प्रकरण गेले आणि मंजूर झाले. पात्र असलेल्या प्रत्येकालाच मंजुरी मिळते असे नाही, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

ज्यांच्या शेजारी, कामवालीच्या घरी किंवा नात्यागोत्यात असे कुटुंब असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. आईचे आणि मुलाचे नाव सर्व कागदांवर अक्षरशः एक आहे का, हे अर्जापूर्वी ताडून पाहा. वडिलांचा मृत्युदाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. अर्जाची पोच मागून घ्या. कोठे जावे हे उमगले नाही तर 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर विचारा. आणि घरी सून आली की तिचे नाव बदलण्याआधी एकदा तिच्या कागदांचाही विचार करा.

ती मुलगी आता पाचवीत आहे. पहिला हप्ता जमा झाला त्या दिवशी आई शाळेत आली आणि पेढ्यांऐवजी बँकेचे पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "सर, नाव बरोबर आहे ना, एकदा वाचून पाहा." मी चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावून वाचले. मग रजिस्टर उघडून पुन्हा ताडून पाहिले.