वाटीतलं तेल वाढतं तेव्हा

पावसाळ्यातल्या रविवारी ओतूरहून माळशेजकडे निघालं की घाटाच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागते. पहिल्या गिअरमध्ये, अर्धा क्लच दाबून, वीत-वीत सरकायचं. या रांगेतल्या बहुतेक मोटारसायकलींचा क्लच तारेवर चालतो. चाकणला बनणारी ३९० ड्यूक घ्या नाहीतर तिथलीच ट्रायम्फ स्पीड ४००, दोघींना केबलच. पण पुण्या-मुंबईहून येणाऱ्या थोराड गाड्यांमध्ये, म्हणजे हार्लेच्या काही टूरिंग गाड्या, डुकाटीची मल्टिस्ट्राडा वगैरे, उजव्या मुठीसारखीच डाव्या मुठीपाशीही तेलाची एक वाटी दिसते. हा हायड्रॉलिक क्लच. तो घाटात बसला की मालक आधी फोनला रेंज शोधतो आणि मग पुण्याचं सर्व्हिस सेंटर.

खरं तर नारायणगाव-मंचरच्या हमरस्त्यावरच्या गॅरेजना हे दुखणं नवं नाही. टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या बोलेरो पिकअपचा क्लच तेलावरच चालतो. क्लच मास्टर, खालचा सिलिंडर, रबरी किट, निपल सोडून हवा काढणं, हे सगळं तिथल्या फिटरच्या हातातलं काम. मोटारसायकलवर फक्त पायाऐवजी हात आला आणि सगळं लहान झालं. क्लच प्लेट मात्र वेगळ्या: पिकअपची प्लेट कोरडी, तर बहुतेक मोटारसायकलींच्या प्लेटा इंजिन ऑइलमध्ये बुडालेल्या.

मोटारसायकलवर ही पद्धत जुनी आहे. होंडाने १९८२च्या व्हीएफ७५० गाड्यांना हायड्रॉलिक क्लच दिला होता. इंजिन मोठं, म्हणजे क्लचच्या स्प्रिंगा कडक. केबल ओढून बोटं दुखणार. तेलाच्या नळीला वळणांचा जाच नाही, तार तुटायची भीती नाही आणि ढील काढत बसायची गरज नाही. प्लेटा झिजतील तसा क्लच स्वतःला जुळवून घेतो. लोक याच गुणाचं कौतुक करतात आणि माझ्या मते फसगतही यानेच होते. केबल आधी जड होते, मग तिचे धागे सुटतात, ढील बदलते. महिनाभर आधी ती कुरकुर करते. तेल गप्प असतं. ते काय म्हणतंय ते वाटीत डोकावूनच कळतं.

आणि तिथे बहुतेकांचं वाचन उलटं होतं. ब्रेकचे पॅड झिजले की वाटीतलं तेल उतरतं, हे आपल्याला पाठ असतं. क्लचचं नेमकं उलट. प्लेटा झिजल्या की त्यांची थप्पी पातळ होते, प्रेशर प्लेट आत सरकते, तिच्यामागचा दांडा खालच्या सिलिंडरचा पिस्टन मागे ढकलतो आणि तेवढं तेल वर वाटीत परत येतं. म्हणजे क्लच झिजतो तशी पातळी चढते. पातळी वाढलेली दिसली तर तो प्लेटांचा निरोप असतो. उतरलेली दिसली तर तेल कुठेतरी गळतंय, आणि नुसती वाटी भरून निघणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं. ब्रेकच्या सवयीने वाटी काठोकाठ भरली, तर पुढे प्लेटा झिजल्यावर तेलाला परतायला जागाच उरत नाही. क्लच थोडासा दाबलेलाच राहतो आणि चढावर घसरू लागतो. इंजिन ओरडतं, गाडी चढत नाही.

घसरण्याचं आणखी एक कारण मास्टरच्या पोटात असतं. तिथे सुईच्या टोकाएवढं भोक आहे. लिव्हर पूर्ण सुटलेली असताना तापून फुगलेलं तेल त्यातून वाटीत जातं. ते गाळाने बुजलं, किंवा बाजारातून आणलेली लिव्हर नीट न बसल्याने पिस्टन पूर्ण मागे आला नाही, तर दाब आत कोंडतो. परीक्षा सोपी आहे. क्लच घसरत असतानाच गाडी थांबवून निपल क्षणभर सैल करायचं. तेलाची चिळकांडी उडाली आणि क्लच पुन्हा धरू लागला, तर दोष वरच्या भोकाचा. काहीच फरक पडला नाही, तर प्लेटा पाहायच्या, आणि आत कारचं इंजिन ऑइल कुणी ओतलंय का तेही विचारायचं. ओल्या क्लचला जासो एमए किंवा एमए२ दर्जाचं ऑइल लागतं.

उलटं दुखणं म्हणजे क्लच सुटत नाही. लिव्हर दाबूनही गाडी पुढे ओढते, न्यूट्रल लागत नाही. लिव्हर मऊ, स्पंजासारखी लागत असेल तर नळीत हवा आहे. मास्टरचा व्यास १२.७ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल १२ मिलिमीटर धरली, तर लिव्हर पूर्ण दाबल्यावर हलणारं तेल जेमतेम दीड मिलिलिटर भरतं. त्यात पाव मिलिलिटर हवा शिरली की सहाव्या हिश्श्याची चाल ती दाबण्यातच जाते. हवा वर चढते, म्हणून वरून तेल लोटत बसण्यापेक्षा खालच्या निपलमधून सिरिंजने तेल वर चढवणं सोयीचं. वाटी मात्र आधी थोडी रिकामी करावी. मास्टरला नळी जिथे जोडलेली असते तिथल्या उंचवट्यावर हमखास बुडबुडा अडकतो. लिव्हर रात्रभर मुठीला बांधून ठेवायचा जुना उपायही पुष्कळदा लागू पडतो.

लिव्हर कडक लागते पण दाबून धरली की हळूहळू मुठीकडे सरकते, असं असेल तर मास्टरमधलं रबर गेलं. वाटी रिकामी होत असेल तर बहुधा खालचा सिलिंडर गळतोय. पुष्कळ गाड्यांत तो पुढच्या स्प्रॉकेटशेजारी बसवलेला असतो. डिंभ्याहून भीमाशंकरला जाताना साखळी जो चिखल उडवते, तो त्याच्यावरच जाऊन बसतो. सील खराब होण्यासाठी याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. पावसाळ्यानंतर स्प्रॉकेटवरचं झाकण उघडून तो भाग धुवायला हवा. एक सावधगिरी मात्र घ्यायची: सिलिंडर बाहेर काढलेला असताना लिव्हरला हात लावायचा नाही, नाहीतर पिस्टन निसटून बाहेर येतो. हा सिलिंडर मोठमोठ्यांनाही नडला आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये हार्ले-डेव्हिडसनने याच भागाच्या गळतीपायी जगभरातल्या सुमारे २,३८,३०० गाड्या परत बोलावल्या होत्या.

वाटेत क्लच गेलाच तर गाडी चालवता येते, फक्त गर्दी नको. न्यूट्रलमध्ये उतारावर गाडी थोडी गती घेऊ द्यायची, मग गिअर टाकायचा. पुढचे गिअर थ्रॉटल क्षणभर सोडून वर घ्यायचे. थांबताना आधीच न्यूट्रल शोधून ठेवायचा. माळशेजच्या रांगेत हे जमणार नाही. तिथे गाडी कडेला लावलेलीच बरी.

शेवटी तेलाचं. झाकणावर डॉट ४ लिहिलं असेल तर चिंता नाही, पिकअपवाल्यांच्या गॅरेजमध्ये सीलबंद बाटली मिळून जाते. सीलबंदच घ्यावी. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावर मात्र १५५ अंशही चालतो असं मानकच सांगतं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवावं, रंग जातो. पण मागुरा कंपनीचे काही क्लच मिनरल ऑइलवर चालतात आणि त्यांत डॉट ४ ओतलं की आतली रबरं फुगून निकामी होतात. अशा गाडीवाल्याने बाटली घरूनच बॅगेत टाकावी. घोडेगावात ती मिळेल या भरवशावर निघू नये.