रोजगार हमीचा मजूर आणि टायफॉइडची विश्रांती

टायफॉइडचा ताप औषध सुरू केल्यावर चार-पाच दिवसांत उतरू लागतो, पण अंगात ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. रोजगार हमीवरच्या मजुराला विश्रांती सांगितली की तो हमखास विचारतो, "डॉक्टर, मस्टरवरचं नाव जाईल का?"

ही भीती उगाच नव्हे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने, मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता ठरवला होता. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, पुढे निम्मा. मात्र परवानगीशिवाय सलग आठवड्याहून अधिक गैरहजर राहणाऱ्याचा भत्त्याचा हक्क तीन महिने जाई. टायफॉइड आठवड्यात आटोपतो थोडाच! नियम लिहिताना एखाद्या डॉक्टरला विचारायला हवे होते.

२०२३ च्या उन्हाळ्यात तुळजापूरजवळच्या खेड्यातील एक बाई याच धास्तीने नवव्या दिवशी माती उचलायला गेली आणि चक्कर येऊन पडली. तिने रजेचा निरोप शेजारणीकडून तोंडी पाठवला होता. तोंडी निरोपाला कागदावर किंमत नसते. आजारी पडताच घरच्या माणसाकरवी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्यावा, डॉक्टरांचा दाखला जोडावा, प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. काम मागतानाही तसेच.

गोळ्यांचा कोर्स मात्र ताप गेला तरी पुरा करावा. कामावर परतल्यावर हलके काम मागावे, पण पाणी वाटण्याचे नको. बरे वाटल्यानंतरही काही आठवडे जंतू शौचावाटे बाहेर पडत असतात.